रेग्युलेटर कितीवर आहे?

(दहावी १९९५ च्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय ठरवूनच केला होता. ‘तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल. आमच्या मुलांना नोकऱ्या मिळणार का, तेवढं सांग.’ मी म्हटलं, माझ्या स्वतःच्या नोकरीचंच मला नक्की सांगता येत नाही. पण वीस मिनिटं देणारच असाल, तर ज्या विषयाचा मी गेली दहा वर्षं रोज गृहपाठ करते आहे, त्यावर बोलते. त्यांनी लगेच होकार दिला, त्याबद्दल त्यांचे आभार.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा असताना त्याला ऑटिझम, म्हणजे मराठीत आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो, असल्याचं निदान झालं. तो बोलतो, पण कमी आणि मोजकं. चित्रं मात्र भरपूर काढतो. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्र शिकलेली नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं. तेव्हा जे वाचलं आणि जे घरात रोज पाहते, तेवढंच सांगणार आहे. एका मुलावरून सगळ्या मुलांचे नियम काढता येत नाहीत, हेही आधीच सांगून ठेवते.

लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या लिफ्टमध्ये मला एक प्रश्न हमखास येतो. आवाज जरा खाली आणून विचारतात, ‘त्याला वाटतं का गं काही? म्हणजे तू घरी नसलीस, कुणी रागावलं, तर कळतं का?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आपल्याला माणसाचा चेहरा वाचायची सवय असते. चेहऱ्यावर काही दिसलं नाही की आतही काही नाही, असं आपण धरून चालतो. ‘स्वमग्न’ या शब्दानेही तोच समज होतो, की हे मूल स्वतःतच रमलेलं आहे, त्याला बाकीच्यांशी घेणंदेणं नाही.

हा समज जुना आहे. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांविषयी एक लेख लिहिला. ऑटिझमची स्वतंत्र ओळख रूढ झाली ती मुख्यतः त्या लेखापासून. त्याच्या शीर्षकातच ‘भावनिक संपर्कातला बिघाड’ या अर्थाचे शब्द होते. पुढे कित्येक वर्षं लोकांच्या मनात राहिलं ते एवढंच, की या मुलांना भावना नसतात.

आता एआयवर दोन वाक्यं बोलून संयोजकांचंही मन राखते. कॅमेऱ्यातून चेहरा पाहून माणूस आनंदी आहे की रागावलेला, हे ओळखण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअर बाजारात आहेत. २०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि आणखी चार शास्त्रज्ञांनी या विषयावरच्या हजाराहून अधिक संशोधनांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा निघाला, की नुसत्या चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येत नाही. राग आलेला माणूस कपाळाला आठ्या घालतो, असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो सरासरी दहापैकी तीन वेळाही घालत नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या एआय कायद्यात तर शाळांमध्ये आणि कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, बंदीच घातली.

म्हणजे तुमचा-माझा चेहरासुद्धा इतका बेभरवशाचा. मग ज्या मुलाचा चेहरा भावनेबरोबर आपल्यासारखा हलत नाही, त्याच्याविषयी चेहरा पाहून निकाल कसा द्यायचा? माझा मुलगा फार घाबरला की हसतो. मोठ्याने, दात दिसतील असा हसतो. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, पोरगा मजेत आहे.

तेव्हा लिफ्टमधल्या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर असं: हो, वाटतं. पुष्कळ वाटतं, कधी कधी झेपणार नाही इतकं वाटतं. अडचण वाटण्यात नाही. जे वाटतंय त्याला नाव काय, ते ओळखण्यात आहे, आणि ओळखलं तरी समोरच्यापर्यंत पोचवण्यात आहे.

यातल्या पहिल्या अडचणीला शास्त्रात ‘अ‍ॅलेक्सिथायमिया’ असं नाव आहे. ग्रीक शब्दांवरून बनवलेलं नाव; अर्थ साधा, भावनेला शब्द न सापडणं. २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात असं दिसलं, की ऑटिझम असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना ही अडचण असते. इतर लोकांमध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होतं. निम्म्या लोकांना म्हणजे सगळ्यांना नाही, हेही लक्षात ठेवा.

आपण शब्द कुठून शोधतो? बहुतेक वेळा शरीरातून. मराठी त्या बाबतीत श्रीमंत आहे. आपल्या पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, डोकं तापतं, घशाशी आवंढा येतो. शरीरात काहीतरी होतं आणि त्यावरून आपण म्हणतो, ‘मला भीती वाटतेय.’ आता कल्पना करा, पोटात काहीतरी होतंय हे कळतंय, पण ती भूक आहे, भीती आहे की शाळेत जायचं नाहीये, हे वेगळं करता येत नाही. वरून भाषा शब्दशः घ्यायची सवय. माझा मुलगा आठ वर्षांचा असताना एकदा त्याची आजी म्हणाली, ‘तुम्ही सगळे वेळेवर पोचलात, माझा जीव भांड्यात पडला.’ तो स्वयंपाकघरात गेला आणि भांडी बघून आला. मग त्याने चित्र काढलं: एक पातेलं, कड्यांसकट, आणि त्यात वरून पडणारा एक छोटा पिवळा गोळा. आजीने समजावून सांगितलं, की आधी काळजी होती, आता संपली. तेव्हापासून आमच्या घरात काळजी संपली की तो एकच शब्द म्हणतो, ‘भांडं.’ दाताच्या डॉक्टरांकडून बाहेर पडलं की ‘भांडं’. परीक्षा संपली की ‘भांडं’. त्या भावनेला त्याचा शब्द मिळाला, पण आधी तिचं चित्र झालं, मग शब्द.

इथून चित्रांकडे येते.

आपल्या चित्रकलेच्या सरांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटसाठी आपल्याकडून करून घेतलेली स्मरणचित्रं आठवतात ना? बाजार, बसथांबा, पाणवठा. चित्रात किमान तीन मानवाकृती हव्यातच, असं सर बजावायचे, आणि आपण डोक्यावर टोपली घेतलेली तीच बाई प्रत्येक चित्रात उभी करायचो. माझा मुलगा बसथांबा काढतो तेव्हा त्यात बस असते, बसचे रिव्हेट असतात, पाटीवरची सगळी अक्षरं असतात आणि माणूस बहुधा नसतो. असला तर काडीचा. २००६ साली अँथनी ली आणि पीटर हॉबसन या संशोधकांनी ऑटिझम असलेल्या मुलांना माणसं आणि घरं काढायला सांगितली होती. त्या मुलांची माणसं बरीचशी एकमेकांसारखी आली. घरं मात्र इतर मुलांच्या घरांइतकीच वेगवेगळी होती. म्हणजे हात चालत होता, नजर होती. माणूस हा विषयच त्यांच्यासाठी वेगळा होता.

यावरून दोन टोकांचे निष्कर्ष लोक काढतात. एक म्हणजे, ‘चित्रात माणसं नाहीत, म्हणजे माणसांवर प्रेम नाही.’ दुसरं, ‘अरे वा, हा तर जन्मजात कलाकार!’ दुसऱ्या टोकाला कारण आहेत काही खरोखर अद्भुत मुलं. इंग्लंडमधली नादिया नावाची मुलगी तीन-साडेतीन वर्षांची असताना, बोलता येत नसताना, धावणारे घोडे असे काढायची की मोठे चित्रकार थक्क व्हावेत. लॉर्ना सेल्फ यांनी १९७७ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. लंडनचा स्टीफन विल्टशायर लहानपणी बोलत नव्हता. शिक्षकांनी चित्रांचं सामान बाजूला ठेवलं तेव्हा ते मागण्यासाठी त्याने उच्चारलेला पहिला शब्द होता ‘पेपर’. पुढे २००५ मध्ये हेलिकॉप्टरमधून एक फेरी मारून त्याने टोकियो शहर आठवणीने दहा मीटर लांब कागदावर उतरवलं. ही उदाहरणं खरी आहेत. पण बहुतेक ऑटिस्टिक मुलं विल्टशायर नसतात, जशी तुमची-आमची बहुतेक मुलं तेंडुलकर नसतात. माझा मुलगाही नाही. त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरणार नाही. तरीही ती चित्रं मला फार मोलाची आहेत, आणि त्याचं कारण एका प्रसंगातून सांगते.

तो दुसरीत होता. एका सोमवारपासून त्याने शाळेत जायला नकार दिला. बूट काढून फेकायचा, गेटपाशी हसायचा आणि आत गेल्यावर स्वतःचा हात चावायचा. त्या शाळेत (नाव सांगत नाही) त्याला चित्र काढायला बसवलं गेलं. त्याने अख्खा कागद काळा केला, कोपऱ्यात थोडी पांढरी जागा ठेवली. चित्र पाहून मला सांगण्यात आलं, की काळा रंग म्हणजे नैराश्य, घरात काही ताण आहे का ते बघा. पुढे असंही सुचवलं, की त्याच्यासाठी दुसरी शाळा बघितलेली बरी.

मी चित्र घरी आणलं. आम्ही दोघं जमिनीवर शेजारी शेजारी बसलो. ‘तुला काय वाटतंय’ हे मी विचारलं नाही; त्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. काळ्या भागावर बोट ठेवून विचारलं, ‘हे काय आहे?’

‘स्पीकर.’

‘चालू की बंद?’

‘चालू.’

‘हे पांढरं?’

‘माझी रांग.’

शाळेने प्रार्थनेसाठी नवे स्पीकर बसवले होते. काळे, उंच. दुसरीची रांग बरोबर त्यांच्यासमोर. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना आवाज आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र लागतो. काळा रंग होता, कारण स्पीकर काळा होता. कागद भरून होता, कारण सकाळी साडेसात वाजता त्याच्या जगात दुसरं काही उरत नव्हतं. त्याच्या वर्गबाईंनी दुसऱ्या दिवशी त्याला रांगेच्या शेवटी, झाडाखाली उभं केलं. त्या आठवड्यातच हात चावणं थांबलं. तीन वर्षं तो त्याच शाळेत राहिला.

मला या प्रसंगाविषयी जे म्हणायचं आहे, तेच आज माझ्या बोलण्याचं सार आहे. मुलाचं चित्र म्हणजे एक्स-रे नाही, की तज्ज्ञाने उजेडासमोर धरावा आणि आतला आजार सांगावा. काळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, घराला खिडकी नाही म्हणजे एकटेपणा, असं कोष्टक लावून चित्र वाचता येत नाही. चित्राचा उपयोग वेगळा आहे. चित्र ही दोघांच्या मधोमध ठेवलेली वस्तू असते. दोघांनी तिच्याकडे बघायचं असतं, एकमेकांच्या डोळ्यांत नाही. ज्या मुलाला नजरेला नजर देणं जड जातं, त्याच्याशी बोलायला याहून सोयीची जागा मला सापडलेली नाही. अर्थ कागदात लपलेला नसतो. तो विचारावा लागतो.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेतल्या कॅरोल ग्रे या शिक्षिकेने १९९४ साली एक साधी पद्धत मांडली. बोलता बोलता काडीची माणसं काढायची, बोललेलं फुग्यात लिहायचं, मनातलं ढगात लिहायचं, आणि कोणत्या भावनेला कोणता रंग हे मुलाबरोबर आधी ठरवून घ्यायचं. ‘बाई असं बोलल्या. त्यांच्या मनात काय असेल?’ तो ढग रिकामा ठेवून मुलाच्या हातात पेन द्यायचं. वर्गात भांडण झालं तर दहा मिनिटांच्या बोलण्याने जे उलगडत नाही, ते चार चौकटींत उलगडतं. ज्यांना ऑटिझम नाही त्या मुलांनाही हे चालतं, आणि खरं सांगायचं तर नवरा-बायकोंनाही चालतं.

दुसरी पद्धत आहे भावनेला आकडा देण्याची, एक ते पाच. तीही अमेरिकेतल्या दोन शिक्षिकांनी २००३ साली पुस्तकरूपाने मांडली. आमच्या घरी ती पुस्तकातून नाही आली, भिंतीवरून आली. माझ्या मुलाला पंख्यांचं वेड आहे. त्याने पंख्यांच्या रेग्युलेटरची इतकी चित्रं काढली आहेत, की एक फाइल भरली. शून्य ते पाच आकडे आणि मधली कळ. एकदा पाहुण्यांनी भरलेल्या घरात तो कोपऱ्यात रेग्युलेटर काढत बसला होता, कळ पाचावर. मी विचारलं, ‘हा कुठला पंखा?’ त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

त्या दिवसापासून आम्ही ‘कसं वाटतंय’ असं विचारत नाही. विचारतो, ‘रेग्युलेटर कितीवर आहे?’ दोन म्हणजे ठीक. तीन म्हणजे आवाज कमी करा. चार म्हणजे खोलीतून बाहेर नेऊन बसवा. पाच झाल्यावर कुणी काही शिकवायला, समजवायला जाऊ नये. फक्त सोबत राहावं आणि पंखा मंद होऊ द्यावा. गंमत म्हणजे आता तोही आम्हाला विचारतो. ऑफिसात रिलीज असली की रात्री जेवताना माझ्याकडे न बघता विचारतो, ‘आई, किती?’ मी म्हणते, ‘साडेतीन.’ तो म्हणतो, ‘साडेतीन नसतं.’ आणि उठून माझ्यासाठी पाण्याचा ग्लास आणतो. ‘त्याला दुसऱ्याचं काही कळतं का’ असं विचारणाऱ्यांना मी हा पाण्याचा ग्लास सांगते.

या देवघेवीची दुसरी बाजूही सांगायला हवी. डेमियन मिल्टन हे इंग्लंडमधले समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ साली त्यांनी म्हटलं, की न कळण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते. ऑटिस्टिक माणसाला आपण कळत नाही, तसाच तोही आपल्याला कळत नाही. फक्त दोष एकाच्याच माथी येतो. २०२० साली ब्रिटनमध्ये याची एक सुंदर परीक्षा झाली. आपण शाळेत खेळायचो त्या कानगोष्टीच. आठ-आठ माणसांच्या साखळ्या केल्या आणि एक गोष्ट एकाने दुसऱ्याला सांगत पुढे न्यायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत टिकली. जिथे दोन्ही प्रकारची माणसं आळीपाळीने होती, तिथे ती जास्त गळली. म्हणजे निरोप गळतो तो मधल्या सांध्यात. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला इंटरफेसचा प्रश्न म्हणतो. दोन्ही प्रोग्रॅम नीट चालत असतात, फक्त जोडणी बसलेली नसते. अशा वेळी एकाच बाजूला ‘तू बदल’ म्हणून चालत नाही.

तुम्हाला वाटेल, हे सगळं आम्हाला का सांगते आहे. कारण या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी सहा-सात जण शिक्षक आहेत, दोघी मुख्याध्यापिका, तिघे डॉक्टर, एक पोलीस अधिकारी, आणि उरलेले सगळे कुणाच्या तरी शेजारी राहतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, ही आता मेहेरबानी राहिलेली नाही. पण कायदा मुलाला फाटकाच्या आत आणतो. पुढे त्याच्या शेजारी कुणी बसायचं, हे कायदा ठरवत नाही.

म्हणून चार साध्या गोष्टी मागते. असं मूल भेटलं तर समोर नाही, शेजारी बसा. ‘का’ विचारू नका. ‘काय’, ‘कुठे’, ‘चालू की बंद’ असं विचारा, आणि उत्तराला वेळ द्या. त्याच्या चित्रात आईबाबा नाहीत, सूर्य निळा आहे, म्हणून दुरुस्त करू नका. चित्राच्या मागे तारीख आणि त्याचे शब्द तेवढे लिहून ठेवा. आणि एखाद्याला खडू हातात धरणंच सोसत नसेल, तर त्याच्यामागे लागू नका. कुणी ठोकळे रचून सांगेल, कुणी मोबाइलवर फोटो काढून सांगेल.

स्वमग्न मुलांचे आईवडील एकत्र जमले की बोलणं शेवटी एकाच वाक्यावर येतं: ‘आपल्यानंतर याचं काय?’ मी पंचेचाळीस वर्षांची आहे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पैशांची तजवीज करता येते. पालकत्वाची कागदपत्रं करता येतात. पण एखाद्या दिवशी त्याच्या छातीतला पंखा पाचावर जाईल आणि मी नसेन, तेव्हा त्याला वेडा न म्हणता, न रागावता, कुणीतरी शेजारी बसून कागद पुढे करायला हवं. ती माणसं कुठल्या योजनेतून मिळत नाहीत. ती तयार करावी लागतात, एकेक करून, अशा हॉलमध्ये बोलून. आज इथे दीडशे जण आहात. वीस मिनिटांच्या मानाने ही कमाई वाईट नाही.

जेवणाच्या वेळी तो मागच्या रांगेत असेल, निळा हेडफोन लावलेला. हॉलमधले पंखे त्याने सकाळीच मोजले आहेत. त्याच्याशी बोलायचं असेल तर ते कितीवर आहेत, एवढं विचारा.